टर्बो रोटरीचं पोर्टिंग: स्ट्रीट पोर्टवर थांबावं की ब्रिज कापावा?

फुकटचा_मेकॅनिक (ऑकलंड)

माझ्या एफडी आरएक्स-७चं (माझदाची रोटरी इंजिनवाली गाडी) इंजिन अखेर खाली उतरलं. पुढच्या रोटरच्या एका बाजूचं कॉम्प्रेशन गेलं होतं आणि गरम झाल्यावर गाडी सुरू व्हायला नखरे करायची. उघडलं तर रोटरच्या टोकावरच्या एका एपेक्स सीलचा कोपरा उडालेला, हाउसिंगच्या क्रोमवर ओरखडे. ते हाउसिंग बाद. तिन्ही प्लेटा मात्र शाबूत आहेत. पोर्टिंगचं, म्हणजे इनटेक-एक्झॉस्टची भोकं घासून मोठी करण्याचं, काय ते आत्ताच ठरवावं लागणार, कारण नंतर हौस आली तर पुन्हा अख्खं इंजिन उघडा.

नवख्यांसाठी थोडक्यात: या गाडीच्या १३बी इंजिनात व्हॉल्व्ह नसतात. पिस्टनऐवजी ६५४ सीसीचे दोन तिकोनी रोटर, आणि इनटेकची भोकं बाजूच्या लोखंडी प्लेटांमध्ये. मधल्या प्लेटेत प्रायमरी, पुढच्या-मागच्या प्लेटांत सेकंडरी. रोटरची कड वरून सरकते तसा पोर्ट उघडतो, मिटतो. एक्झॉस्ट तेवढा हाउसिंगच्या परिघावर. स्ट्रीट पोर्ट म्हणजे आहे तेच भोक घासून जरा आधी उघडेल आणि जरा उशिरा मिटेल असं करायचं. ब्रिज पोर्ट म्हणजे रोटरच्या कोपऱ्यातल्या कॉर्नर सीलच्या वाटेपलीकडे आणखी एक फट कापायची आणि सीलला आधार म्हणून मध्ये लोखंडाची चिंचोळी पट्टी शिल्लक ठेवायची. तोच तो ब्रिज.

माझी गरज अशी: रस्त्यावरची गाडी, सिंगल टर्बो, चाकांवर ४०० हॉर्सपॉवरच्या आसपास. माझ्या मते याला इनटेकचं माफक स्ट्रीट पोर्टिंग पुरे, खरी मेहनत एक्झॉस्टवर घ्यावी. तो थोडा आधी उघडला की दाबातला गरम वायू टर्बाइनला मिळतो आणि टर्बो लवकर जागा होतो. ब्रिजची फट टीडीसीच्या (आतली जागा सर्वांत लहान होते त्या क्षणाच्या) आधीच उघडते, तेव्हा एक्झॉस्ट अजून मिटलेला नसतो. टर्बो गाडीत एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधला दाब बहुतेक वेळा इनटेकपेक्षा जास्त असतो, म्हणजे जळका वायू उलटा आत येणार आणि ताज्या मिश्रणात पाणी घालणार. आयडलवरची ती ब्रॅप-ब्रॅप लोकांना संगीत वाटते. ते मिसफायर आहेत हो! रस्त्यावरच्या टर्बो गाडीत ब्रिज कापणं म्हणजे आवाजासाठी पैसे मोजणं.

या, फाडा.

लालटेन (मेलबर्न)

असहमत. तुझा सगळा डोलारा 'बहुतेक वेळा' या दोन शब्दांवर उभा आहे मित्रा.

कंपनीचे जुळे टर्बो ठेवणार असशील तर तू म्हणतोस ते बरोबर. पण सिंगल टर्बो घालणार आहेस ना? मोठ्या टर्बाइन हाउसिंगचा आजचा टर्बो पूर्ण बूस्टवर (टर्बोने इनटेकमध्ये कोंबलेल्या हवेचा दाब) असताना मॅनिफोल्डचा दाब बूस्टच्या जवळपास येतो, कधी खालीही जातो. मग तोच ओव्हरलॅप, म्हणजे इनटेक-एक्झॉस्ट एकदम उघडे असण्याचा काळ, तुझ्या बाजूने काम करतो, उरलासुरला जळका वायू बाहेर ढकलतो.

माझ्या एफसीला (एफडीच्या आधीची आरएक्स-७) हाफ-ब्रिज आहे. फक्त सेकंडरीला ब्रिज, प्रायमरी स्ट्रीट. आयडल १२००च्या थोडं वर ठेवलंय, सिग्नलला शेजारची माणसं काच खाली करून बघतात, एवढाच काय तो त्रास. फायदा ऐक: इंजिन मोकळा श्वास घेतं, त्यामुळे तेवढीच ताकद कमी बूस्टवर मिळते. कमी बूस्ट म्हणजे हवा कमी तापणार, म्हणजे डेटोनेशनला, मिश्रणाच्या अवेळी स्फोटाला, वाव कमी. एपेक्स सील मरतात ते डेटोनेशनने. पोर्टने नाही. तुझा तो कोपरा कशाने उडाला, ते आधी शोध.

आणि ओव्हरलॅप इतका वाईट असता तर १९९१ साली माझदाची रेसगाडी ७८७बी ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली कशी? तिचे तर पेरिफेरल पोर्ट, इनटेकही हाउसिंगच्या परिघावर, म्हणजे ब्रिजचाही बाप.

फुकटचा_मेकॅनिक

७८७बी येणार हे माहीतच होतं. :)

तिला टर्बो नव्हता रे. चार रोटर, २.६ लिटर, ७०० हॉर्सपॉवर, सगळं नैसर्गिक श्वासावर. एक्झॉस्ट सरळ बाहेर, वाटेत टर्बाइनची बूच नाही. शिवाय चोवीस तास चढ्या आरपीएमवर पळायचं. तरीही खालच्या आरपीएमला ओढ मिळावी म्हणून माझदाने तिच्या इनटेक नळ्यांची लांबी चालत्या गाडीत बदलत राहील अशी सोय केली होती. मला सकाळी मोटरवेवर रांगेत उभं राहायचंय. तिचा दाखला इथे लागू नाही.

कोपरा कशाने उडाला, ते ठाऊक आहे. आधीच्या मालकाने बूस्ट वाढवला आणि इंधनाचा पंप तोच ठेवला. इथे तुझी माझी सहमती आहे.

सावकाश_चला (पुणे)

दोघेही कानस बाजूला ठेवा. माझं मत, पोर्टला हातच लावू नका.

टर्बोचं कामच हवा कोंबणं. चाकांवर ४०० तर मूळ पोर्टवरही निघतात, सिंगल टर्बोवर अनेकांनी काढलेत. पोर्टिंगचे पैसे मोठ्या रेडिएटरला, ऑइल कूलरना, इंधनाच्या पंपाला आणि चांगल्या ईसीयूला लावा. रोटरी तापली की हाउसिंग आणि प्लेटांमधले पाण्याचे सील जातात, मग पोर्ट कितीही सुबक असो, पाणी आत.

आणि खुद्द माझदा कुठल्या दिशेने गेली ते बघा. २००३च्या रेनेसिसमध्ये (आरएक्स-८च्या रोटरी इंजिनात) त्यांनी एक्झॉस्टही बाजूच्या प्लेटांत नेला आणि ओव्हरलॅप शून्यावर आणला.

लालटेन

रेनेसिस धूर कमी करण्यासाठी तशी केली, आणि तिलाही टर्बो नव्हता. ७८७बी चालत नाही म्हणता, मग हीही चालवू नका!

अर्धा_कप (ठाणे)

वाचतोय. अर्धं डोक्यावरून जातंय, पण भांडण झकास. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

रांगडा_गडी (कोल्हापूर)

मी रोटरी डोळ्यानं बघितलेली नाही, पण पोर्ट घासण्यात आमचं आयुष्य गेलंय. यामाहाची आरएक्स-१०० बाईक हो. टू-स्ट्रोकला पण व्हॉल्व्ह नसतोय, भोकाच्या कडेवरच सगळं टायमिंग. एक्झॉस्ट पोर्ट वर उचलला की टॉपला गाडी नाद खुळा पळत्या आणि खालचं पिकअप मरतंय. पण पोरं काय करत्यात, वर उचलायच्या ऐवजी रुंद करत्यात. रुंद झाला की रिंग भोकात फुगत्या, कडेला अडकत्या आणि खाडकन तुटत्या. लई सिलेंडर भंगारात गेलेत असले.

तुमच्या त्या एपेक्स सीलचं पण असंच असणार न्हवं? भावा, रुंदी सांभाळ. आणि घासून झाल्यावर कडा मार, धार ठेवू नको.

फुकटचा_मेकॅनिक

भाऊ, नेमकं हेच! एपेक्स सील एक्झॉस्ट पोर्टवरून जातो तेव्हा त्याला दोन्ही बाजूंना जेवढा पत्रा उरेल तेवढाच आधार. २ मिमी जाडीचा सील, खालून स्प्रिंग ढकलतेय. पोर्ट फार रुंद केला तर मध्ये वाकतो. म्हणून मी रुंदी जवळपास मूळचीच ठेवणार, उघडणारी कड सरकवणार आणि मिटणाऱ्या कडेला गोलाई देणार. आतली स्टीलची बाही पण मोकळी करेन.

कॅलिब्रेशनवाली (डेट्रॉइट)

पोटापाण्यासाठी इंजिन कॅलिब्रेशन करते. पिस्टनवाली, रोटरी नाही, पण दाब सगळीकडे सारखाच वागतो.

तुम्ही दोघं अंदाजाने भांडताय. मॅनिफोल्डचा दाब बूस्टपेक्षा जास्त की कमी, हे मोजता येतं. मॅनिफोल्डला एक नळी वेल्ड करून घ्या, प्रेशर सेन्सर लावा, बूस्टच्या शेजारी लॉग करा. दाब बूस्टच्या दीडपट-दुप्पट असेल तर ब्रिजचा विचार सोडा. बरोबरीत असेल तर लालटेन म्हणतात त्यात तथ्य आहे.

पण लालटेन, तुम्ही फक्त पूर्ण बूस्टचं बोलताय. रस्त्यावरची गाडी बहुतेक वेळ अर्धवट थ्रॉटलवर असते. तिथे इनटेकमध्ये व्हॅक्यूम आणि पलीकडे एक्झॉस्टचा दाब, जळका वायू आत येणारच. ब्रिजवाल्या गाड्या सपाट रस्त्यावर एकाच वेगाने जाताना उचक्या देतात त्या यामुळे. इनटेकचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरचं रीडिंगही तिथे नाचत असतं, त्यामुळे खालच्या लोडला थ्रॉटलच्या उघडझापीवरून इंधन ठरवावं लागतं. त्याला ट्यूनिंगचे बरेच तास जातात, आणि तास म्हणजे पैसे.

लालटेन

ताई, उचक्यांचं मान्य. माझीही देते, गिअर खाली टाकून चालवतो. पेट्रोलही जास्त पिते. पण हाफ-ब्रिज आणि फुल ब्रिज एका मापाने मोजू नका. प्रायमरी शाबूत असले की गाडी बरीच माणसाळलेली राहते. फुल ब्रिज रस्त्यावर मीही कापणार नाही.

माझा एक मुद्दा कुणीच खोडला नाही: कमी बूस्टवर तेवढीच ताकद. मी ई८५वर (८५ टक्के इथेनॉलवालं इंधन) आहे, मला डेटोनेशनची तशी धास्ती नाही. पंपावरचं ९८ ऑक्टेन भरणाऱ्याला तर कमी बूस्टची जास्त गरज.

सावकाश_चला

खोडतो. ४००साठी मूळ पोर्टवरही बूस्ट काही भयंकर लागत नाही. तुमचं गणित ५००-६००च्या पुढे खरं ठरतं. धागाकर्त्याला तिथे जायचंच नाहीये.

फुकटचा_मेकॅनिक

ठरवलं. मूळ पोर्ट ठेवण्याचा मोह झाला, पण प्लेटा समोर टेबलावर असताना हात शिवशिवतात, हे आपलं खरं कारण.

इनटेक: सेकंडरीची मिटणारी कड थोडी पुढे, बाहेरची कड कॉर्नर सीलच्या वाटेला धक्का न लावता. काल निळी शाई फासून, रोटर प्लेटेवर ठेवून सीलची वाट सुईने ओरखडून घेतली. आतल्या बाजूला ऑइल रिंगची वाटही आखली, तिकडे गेलं की तेल जळतं. पोर्टच्या आतही फार खोल जाणार नाही, पाण्याची वाट भिंतीपलीकडेच आहे. ब्रिज नाही. इथे ताकद बऱ्यापैकी वाढवली की एलव्हीव्ही (बदल केलेल्या गाड्यांचं) सर्टिफिकेट लागतं, आवाजही तपासतात. मला तपासणीवाल्यासमोर ब्रॅप-ब्रॅप करत उभं राहायचं नाहीये.

मॅनिफोल्ड बनवायला टाकतोय, त्यात ताईंनी सांगितलेली नळी घालून घेतो. दाब बूस्टच्या खाली निघाला तर पुढच्या रीबिल्डला हाफ-ब्रिज कापायला लालटेनलाच बोलावेन, विमानाचं तिकीट त्याचं त्याने काढावं.

लालटेन

तिकीट काढून ठेवतो. सेन्सर थेट मॅनिफोल्डवर बसवू नकोस, आठवड्यात शिजेल. मीटरभर स्टीलची नळी गुंडाळून घे, सेन्सर फायरवॉलकडे ने आणि नळीत पाणी साचू नये म्हणून तो मॅनिफोल्डपेक्षा उंचावर ठेव.