सीरम कमी केलं तरी हेला पेशी थांबत नाहीत

राजारामपुरी_बीटी
एमएस्सी प्रोजेक्टमध्ये ग्रोथ फॅक्टर (पेशीला वाढीचा इशारा देणारी प्रथिनं) आणि आरबी प्रथिन (पेशीविभाजनाचा ब्रेक) यांचा संबंध दाखवायचाय. हेला पेशी (माणसाच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या) थांबाव्यात म्हणून सीरम, म्हणजे ग्रोथ फॅक्टर पुरवणारा रक्ताचा द्रव भाग, ०.५ टक्क्यावर आणून ४८ तास ठेवल्या. फ्लो सायटोमेट्रीत (एकेका पेशीतला डीएनए मोजणं) जी१ (डीएनए दुप्पट होण्याआधीचा टप्पा) जेमतेम वाढतो, एस फेज (डीएनए दुप्पट होण्याचा टप्पा) रिकामी होत नाही, वर मेलेल्या पेशी तरंगतात. सीरम शून्यावर आणू का? कोल्हापुरात फ्लोचं मशीन हाताशी नाही, सॅम्पल पुण्याला न्यावे लागतात.

सायक्लिन_डी
शून्यावर आणलं तर आणखी मरतील, थांबणार नाहीत. ज्या ब्रेकवर तुमचा प्रयोग उभा आहे तो हेलामध्ये तुटलेलाच आहे.

नॉर्मल पेशीत सीरममधला ग्रोथ फॅक्टर रिसेप्टरला चिकटतो, रास–मॅपके या पेशीतल्या निरोपांच्या साखळीतून सायक्लिन डी प्रथिन वाढतं, ते सीडीके४ आणि सीडीके६ या एन्झाइमना चालू करतं. ही जोडी आरबीवर फॉस्फेट चढवायला लागते. पुढे सायक्लिन ई–सीडीके२ ते काम पूर्ण करतं, आरबीच्या पकडीतून ई२एफ (जनुकं चालू करणारं प्रथिन) सुटतं आणि एस फेजची जनुकं चालू होतात. हेलामध्ये एचपीव्ही-१८ या विषाणूचं ई७ प्रथिन आरबीलाच निकामी करतं. ई२एफ आधीच मोकळं, मग सीरम असो वा नसो.

एनआयएच ३टी३ (उंदराच्या पेशी) घ्या. पुण्याच्या एनसीसीएसच्या (राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र) सेल रिपॉझिटरीकडे चौकशी करा. वाढवायला १० टक्के काफ सीरम, आणि फ्लास्क गच्च भरू देऊ नका. भरलेल्या थरावर चढून वाढणाऱ्या पेशींचीच निवड होत जाते आणि मग त्याही थांबत नाहीत.

मिरजकर_लॅब
पी५३ प्रथिनाचं काय? तेही हेलामध्ये नसतं ना, त्यामुळेच थांबत नसतील.

सायक्लिन_डी
जनुक शाबूत असतं, पण त्याच विषाणूच्या ई६ मुळे प्रथिन टिकत नाही. शिवाय पी५३ चं मुख्य काम डीएनए तुटल्यावर पी२१ वाढवून सीडीके अडवणं. सीरमच्या प्रयोगात मुख्य अडचण आरबीचीच.

पंचगंगा_वेस्टर्न
३टी३ घेतल्यावरही बहुतेकांचं गणित धुण्यात फसतं. १० मिलीच्या प्लेटमध्ये जुनं मीडियम अर्धा मिली राहिलं तर त्यातूनच जवळपास ०.५ टक्का सीरम येतं. म्हणजे तुम्ही समजताय त्याच्या दुप्पट. कोमट पीबीएसने (क्षारांचं बफर) दोनदा धुवा, मग ०.५ टक्क्यावर २४ ते ४८ तास. नंतर १० टक्के सीरम देऊन ०, ४, ८, १२, १६, २० तासांना पेशी उचला. एस फेज साधारण १२ तासांच्या पुढे दिसायला लागते, त्यामुळे ८ तासांवर थांबून ‘काही झालं नाही’ म्हणू नका.

वेस्टर्न ब्लॉटला (अँटिबॉडीने प्रथिन ओळखण्याची चाचणी) आरबीच्या सेरीन ८०७/८११ या जागांवरचं फॉस्फेट ओळखणारी फॉस्फो अँटिबॉडी आणि सोबत टोटल आरबीची. डेटाशीटवर उंदीर लिहिलंय का बघा, काही अँटिबॉडी फक्त माणसाचं आरबी ओळखतात. लायसिस बफरमध्ये (पेशी फोडायचं द्रावण) फॉस्फेटेज इनहिबिटर (फॉस्फेट निघू न देणारा) ताजा घाला, सगळं बर्फावर. ब्लॉकिंगला (अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून) ५ टक्के बीएसए (गाईच्या सीरममधलं अल्ब्युमिन). कोल्हापुरात दुधाला तोटा नसला तरी इथे दूध पावडर नको भावा, केसीन स्वतःच फॉस्फोप्रथिन आहे, बॅकग्राउंड वाढू शकतो.

फ्लोसाठी पेशी आधी पीबीएसमध्ये सुट्या करा, मग व्हॉर्टेक्सवर थंड ७० टक्के इथेनॉल थेंब थेंब. एकदम ओतलं की गुठळ्या. उणे २० ला त्या आठवडे टिकतात, त्यामुळे सगळे टाइम पॉइंट जमवून बर्फाच्या डब्यातून एकाच खेपेत पुण्याला न्या. पीआय (डीएनएला चिकटणारा रंग) ५० मायक्रोग्रॅम/मिली, आरएनेज ए (आरएनए तोडणारं एन्झाइम) १०० मायक्रोग्रॅम/मिली, ३७ अंशांवर ३० मिनिटं. आरएनेज विसरलात तर पीआय आरएनएलाही चिकटतो आणि शिखरं पसरतात. डब्लेट गेट लावा, नाहीतर चिकटलेल्या दोन जी१ पेशी जी२ म्हणून मोजल्या जातील.

राजारामपुरी_बीटी
आणलेल्या हेला वाया गेल्या म्हणायच्या?

सायक्लिन_डी
नाही. ३टी३ शेजारी हेला चालवा, ‘ब्रेक तुटलेला’ हा कंट्रोल आयता मिळतो. फक्त सिंक्रोनाइझ करायच्या (सगळ्या एकाच टप्प्यावर आणायच्या) असतील तर डबल थायमिडिन, म्हणजे थायमिडिनने दोनदा अडवणं: २ मिलीमोलर १८ तास, धुऊन ९ तास मोकळ्या, परत १७ तास. मधले तास एस फेजपेक्षा जास्त हवेत, नाहीतर पहिल्या वेळी एसच्या मध्येच अडकलेल्या पेशी बाहेर पडत नाहीत. पण हा ब्लॉक डीसीटीपी या डीएनएच्या कच्च्या मालाचा तुटवडा पाडून चालतो. ग्रोथ फॅक्टरबद्दल त्यावरून निष्कर्ष काढू नका.