मदत हवी: बुद्धिबळात पांढऱ्याचा घोडा जी५ वर येऊन बसतो, काळ्याने काय करायचं?

प्यादेपंत: काळी मोहरी आली की पांढऱ्याच्या ई४ प्याद्याला ई५ प्यादंच खेळतो (अक्षर-आकडा म्हणजे पटावरचं घर). पण हल्ली जो तो उंट सी४ आणि घोडा जी५ करून एफ७ वर, माझ्या राजाशेजारच्या प्याद्यावर, डोळा ठेवतो. मग घोड्याचा बळी देतो आणि माझा राजा भर पटात फिरत बसतो. काय खेळू? लवकर सांगा, संध्याकाळी सामना आहे.

अडीचघरी: तिसऱ्या चालीला काय खेळलात? उंट सी५ असेल तर डी८ वरचा वजीर जी५ चा घोडा फुकट खातो.

सावकाशराव: ई५ सोडा, कारो-कान बचाव धरा, म्हणजे ई४ ला सी६. वर्षानुवर्षं सी६ खेळतोय, असली कटकटच नाही.

अडीचघरी: त्यांनी कारो-कान विचारलाय का? आणि तिथेही पांढरा वजीर ई२ वर असताना गाफीलपणे दुसरा घोडा एफ६ ला काढलात, तर पांढऱ्याचा घोडा डी६ आणि सहाव्या चालीत मात.

प्यादेपंत: अहो, घोडा एफ६च, अजून काय? मग त्याचा घोडा जी५, माझं प्यादं डी५, त्याने प्याद्याने मारलं, मी घोड्याने मारलं, त्याने एफ७ मारलं.

अडीचघरी: मग आजार पाचव्या चालीत आहे. डी५ घोड्याने मारू नका. सी६ चा घोडा ए५ ला न्या, उंटावर. तो उंट बी५ वरून शह देईल. मध्ये सी६ प्यादं घाला, त्याने मारलं की बी-प्याद्याने परत मारा. उंट ई२ ला गेला की तुम्ही एच६, त्याचा घोडा एफ३, लगेच तुमचं ई४. एक प्यादं जातं, पण त्याची मोहरी पळत असतात तोवर तुमची बाहेर येतात.

धडाकेबाज: इतकं कशाला? चौथ्या चालीला उंट सी५, ट्रॅक्सलर प्रतिहल्ला! घोड्याने एफ७ मारलं की उंट एफ२, शह. मग बघा गंमत.

सावकाशराव: आणि त्याने एफ७ उंटाने मारलं तर? प्यादं गेलं, किल्लेकोट (राजाला हत्तीआड नेणं) गेला. कसली डोंबलाची गंमत?

धडाकेबाज: दहा मिनिटांच्या डावात उंटाने मारायचं सुचतं कुणाला?

भिंतवाला: बर्लिन बचाव खेळा. क्रामनिकने २००० साली लंडनला जगज्जेत्या कास्पारोवला त्याच बचावाच्या भिंतीवर अडवलं होतं.

अडीचघरी: बर्लिन पांढऱ्याचा उंट बी५ ला आला तर. इथे उंट सी४ वर आहे, धागा वाचा की.

प्यादेपंत: ए५ चा घोडा कडेला पडून राहत नाही का? आणि त्याने शह न देता डी३ खेळलं तर?

अडीचघरी: घोडा पुढे बी७ वरून परत येतो, घाई नको. डी३ लाही तेच: एच६, घोडा एफ३, ई४.