राज्याचं कोर्ट वेगळं, इमिग्रेशन कोर्ट वेगळं
अमेरिकेतून हद्दपार होण्याची भीती असलेल्या स्थलांतरितांना "न्यूयॉर्कमध्ये कोर्टात पकडता येत नाही, कायदाच आहे" असं एकाने लिहिलंय. ते अर्धंच खरं आहे, आणि त्यावर विसंबून कुणी अडकू नये असं मनापासून वाटतं. २०२० चा 'प्रोटेक्ट अवर कोर्ट्स ॲक्ट' राज्याच्या कोर्टांपुरता आहे: घटस्फोट, घरभाड्याचा वाद, फौजदारी खटला. तिथे येता-जाताना न्यायाधीशाच्या वॉरंटशिवाय दिवाणी अटक (म्हणजे गुन्ह्यासाठी नव्हे, तर हद्दपारीसारख्या कारणासाठी) करायला मनाई आहे. ट्रम्प सरकारने जून २०२५ मध्ये त्याला आव्हान दिलं, नोव्हेंबरमध्ये संघीय न्यायाधीशांनी तो दावा फेटाळला.

न्यूयॉर्क शहरातल्या '२६ फेडरल प्लाझा' या सरकारी इमारतीतलं इमिग्रेशन कोर्ट मात्र केंद्राच्या न्याय खात्याचं. तिथे हा कायदा लागूच होत नाही. मे २०२५ पासून तिथे सरकारी वकील स्वतःच हद्दपारीची केस काढून टाकायची विनंती करू लागले. माणूस सुटलो म्हणून बाहेर येतो, तर कॉरिडॉरमध्ये तोंड झाकलेले इमिग्रेशन एजंट उभे! केस निघाली की, सीमा ओलांडून आलेल्याला दोन वर्षं झाली नसतील, तर सुनावणीशिवाय झटपट हद्दपारी लावायची, हा सरकारचा पवित्रा. म्हणून केस काढायला विरोध असल्याचं तिथल्या तिथे नोंदवायला सांगा. धास्तीने तारीख मात्र चुकवू नका, गैरहजेरीतच हद्दपारीचा हुकूम निघतो. ऑनलाइन सुनावणीसाठी वकिलाकरवी आधीच अर्ज करता येतो.