मदत हवी आहे: कासदाहावर फेज उपचार कुणी केलाय का?

नमस्कार मंडळी. माझ्या गायीला तिसऱ्यांदा कासदाह झालाय. कासेचा मागचा डावा भाग दगडासारखा घट्ट, धारेत पिवळट गुठळ्या. हात लावला की बिचारी पाय झाडते, बघवत नाही. तपासणीत स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू निघाला, प्रतिजैविकांना दाद देत नाही.

बॅक्टेरियोफेज (थोडक्यात फेज) म्हणजे जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूंबद्दल वाचलं. फेलिक्स देरेल या शास्त्रज्ञाने १९१९ मध्येच ते कोंबड्यांच्या टायफॉइडवर वापरले होते! ठरावीक जिवाणूच मारतात, उपयोगी जिवाणूंना धक्का नाही, हे मला फार पटलं. पण दुधातली प्रथिनं फेजला जिवाणूवर चिकटू देत नाहीत म्हणे. मग फेज सडातून कासेत सोडून उपयोग होतो का? आणि आपल्या जिवाणूवर कोणता फेज चालेल, हे आधी कसं तपासून घ्यायचं? पशुवैद्यकांचे उपचार चालूच आहेत. अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा.