गोल्फ शिकतोय, पण हातातली बॅट सुटत नाही – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

वय ४४, राहणार बडोदा, दांडिया बाजार. नोकरी मकरपुऱ्याला. इथे गोल्फवर धागा सापडला नाही म्हणून नवा काढतोय. चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

खूळ कुठून आलं ते आधी सांगतो. ऑफिसातल्या एका साहेबांबरोबर लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातलं गोल्फचं मैदान बघायला गेलो होतो. जन्म बडोद्यात गेला, पण मी त्या आवारात क्रिकेटपलीकडे काही बघितलं नव्हतं. महाराज प्रतापसिंहराव गायकवाडांनी १९३० च्या दशकात युरोपियन पाहुण्यांसाठी ते मैदान करवून घेतलं. १९९० च्या दशकात त्याच घराण्यातल्या समरजितसिंहांनी ते नीट करून लोकांना खुलं केलं. समरजितसिंह स्वतः रणजी खेळलेले. तेव्हा क्रिकेटवाल्याला गोल्फ सहज येत असणार, असा एक गोड गैरसमज तिथेच मनात बसला. मी रणजी नाही, पण कॉलनीतल्या टेनिस बॉल टुर्नामेंटा पंचवीस वर्षं खेळलोय, आणि मिडविकेटवरून बॉल गच्चीवर घालवण्यात माझं बऱ्यापैकी नाव होतं.

तर एके ठिकाणी (कुठे ते मुद्दाम लिहीत नाही, आणि ते वरचं मैदान नव्हे) दहा धड्यांचे पैसे भरले. सात धडे झालेत. परवाची बादली, म्हणजे ५० बॉल, मी प्रामाणिकपणे वहीत टिपली:

१९ बॉल निघाले सरळ आणि मग केळ्यासारखे उजवीकडे वळले. ११ डोक्यावर घासून सरपटत गेले. ९ वेळा बॉलआधी मॅटलाच धाड. ३ वेळा नुसती हवा. राहिलेले ८ बरे म्हणावे असे.

त्या आठातला एक मात्र काही वेगळाच होता. हाताला काही लागलंच नाही. कॅरमचा स्ट्रायकर सोंगटीला बरोब्बर मध्यावर बसला की कोरडा 'टक्' येतो, तेवढाच आवाज. वर बघितलं तर बॉल आकाशात, सरळ. शेजारचे काका मान हलवून म्हणाले, "बस, आ ज जोईए." (बस, हेच हवं.) तो बॉल नसता तर उरलेले तीन धडे सोडून दिले असते.

आता दुखणं. सर दर वेळी नवीन काहीतरी सांगतात. पहिल्या दिवशी पकड. दुसऱ्या दिवशी "माथुं नीचे राखो". मग डावा हात सरळ, मग कंबर फिरवा, मग उजवं कोपर अंगाजवळ. आधीचं जमलं का, ते कोणी विचारत नाही. मधला बराच वेळ सर फोनवर असतात. सातव्या धड्याला बॉलसमोर उभा राहिलो तेव्हा डोक्यात नऊ सूचना, आणि अख्खा स्विंग संपतो सेकंद-दीड सेकंदात. घरी येऊन व्हिडिओ बघतो, तिथे दहावी सूचना मिळते.

त्यात डाव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला आठवड्यापासून दुखतंय. चहाचा कप उचलतानाही कळ येते.

जाणकारांनी सांगावं: दोष क्रिकेटच्या सवयीचा आहे का? असेल तर ती मोडायची कशी? सर बदलू का? घरी गच्चीवर बॉलशिवाय काही करता येईल का? (गच्चीच्या दाराशी झोपाळा आहे. त्यावर बसून बाबा माझा सराव बघतात आणि काही बोलत नाहीत. ते जास्त लागतं.) माझ्याकडे सात नंबरची एक आयर्न (लोखंडी तोंडाची काठी) आहे, बाकी क्लब, म्हणजे काठ्या, तिथल्याच वापरतो.

---

इंदुरी_पोहे: १९४६-४७ च्या रणजी फायनलला तुमच्या हजारे आणि गुल महंमदने आमच्या होळकर संघाविरुद्ध ५७७ धावांची भागी केली होती. तुमचा स्लाइस (म्हणजे ती उजवीकडे वळणारी केळी) हा त्याचा शाप समजा. बाकी वाचतोय, मलाही शिकायचंय.

छावणीतला: लष्करातून निवृत्त. पोस्टिंग जिथे झाली तिथे खेळलो, त्यामुळे वाईट सवयीही ठिकठिकाणच्या गोळा केल्या आहेत. तुमची वही उत्तम आहे. शिकाऊ माणूस इतकं नेमकं सांगत नाही.

क्रिकेटचा दोष आहेच, पण तो समजून घ्या. बॅट असते किलोच्या वर आणि सात नंबरची आयर्न असते सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास. लांबी मात्र जवळजवळ तेवढीच. बॅटची कमाल मर्यादा ३८ इंच आणि ही साधारण ३७. म्हणून हाताला वाटतं की ही बॅटच आहे, फक्त हलकी. मग उजवा हात ती ओढून काढतो. शिवाय तुमचा मिडविकेटचा फटका मागच्या पायावर जाऊन मारलेला असणार. तोच वजनाचा हिशोब इथे आणलात की क्लब जमिनीला बॉलच्या मागेच टेकतो. टेकला की 'धाड', आणि टेकून वर यायला लागला की बॉलच्या डोक्यावर घासतो. म्हणजे तुमचे ९ आणि ११ हे एकाच आजाराचे दोन ताप आहेत. मान वर झाली म्हणून बॉल सरपटला असं सगळे सांगतात. शंभरात क्वचितच ते खरं असतं. उलट डोकं खिळा ठोकल्यासारखं गच्च ठेवलं की खांदे फिरत नाहीत आणि वजन डाव्या पायावर येत नाही.

आयर्नने बॉल 'उचलायचा' नसतो. उचलायचं काम तिच्या तिरप्या तोंडाचं आहे. क्लब खाली येता येता आधी बॉलला लागतो आणि त्यानंतर, बॉलच्या पुढे, जमिनीला टेकतो. चांगल्या खेळाडूने उपटलेला गवताचा तुकडा बघा, तो नेहमी बॉलच्या जागेच्या पुढचा असतो.

आता केळी. बॉल कुठल्या दिशेने निघणार हे बहुतांशी क्लबचं तोंड कुठे बघतंय यावर ठरतं. वळणार कुठे, हे तोंड आणि क्लबची वाट यांच्यातल्या फरकावर. तुमचा उजवा खांदा आधी पुढे घुसतो, क्लब बाहेरून आत येतो आणि तोंड त्या वाटेच्या मानाने उजवीकडे उघडं राहतं. उजवीकडे जातोय म्हणून अजून डावीकडे नेम धराल तर वाट आणखी तिरपी होईल आणि केळं मोठं होईल. हे प्रत्येकजण करतो, मीही दोन वर्षं केलं.

पकड बघा. क्लब डाव्या तळव्यात नको, बोटांच्या मुळाशी तिरका हवा, आणि करंगळीखालची गादी वरून टेकलेली. उभं राहून खाली बघितलं की डाव्या हाताच्या बोटांच्या मुळाशी असलेल्या दोन-अडीच गाठी दिसायला हव्यात. तुम्हाला एकच दिसत असणार, पैज लावतो.

वडोदरेवाला: ज्या खेळात माणूस बॉल मारतो आणि पिशवी दुसरा उचलतो, तो खेळ नव्हे. दांडियाबाजारकर, कमाटीबागेत फिरायला जा, फुकट आहे.

छावणीतला: @वडोदरेवाला, १९९१ ची इंडियन ओपन जिंकणारा अली शेर हा दिल्लीला पिशव्याच उचलत होता. असो.

शेवंती: मी फिजिओथेरपिस्ट आहे, गोल्फ येत नाही. कोपराच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं म्हणजे बहुधा टेनिस एल्बो, नाव टेनिसचं असलं तरी. गोल्फर्स एल्बो आतल्या बाजूला दुखतं. गच्च मूठ आणि काँक्रीटवर टाकलेल्या मॅटवर बसलेले धक्के, दोन्ही कारणं तुम्ही स्वतःच लिहिली आहेत. कप उचलताना कळ येतेय म्हणजे आठवडा-दोन आठवडे बॉल मारणं बंद. जाऊन कोणाला तरी प्रत्यक्ष दाखवा. धाग्यावर निदान होत नसतं. परत सुरू कराल तेव्हा आयर्नलाही बॉल छोट्या टीवर (बॉल ठेवायच्या खुंटीवर) ठेवा.

दांडियाबाजारकर (धागाकर्ता): सगळ्यांचे आभार. आरशासमोर उभा राहिलो. एकच गाठ दिसली. छावणीतले साहेब, पैज जिंकलात.

पण मग 'योग्य' स्विंग नक्की कसा असतो? व्हिडिओतले सगळे वेगळे दिसतात.

कोरेगावची: मी पुण्यात पाच वर्षं खेळतेय, पंचेचाळिशीत सुरू केलं. योग्य स्विंग नावाची एक मूर्ती नसते हो. जिम फ्युरिकचा स्विंग बघा, क्लब वरती जाऊन अशी काही गिरकी घेतो की कुठल्याही मास्तरने छडी उगारावी. त्याच माणसाने २००३ ची यूएस ओपन जिंकली आणि २०१६ मध्ये पीजीए टूरवर ५८ चा राउंड (१८ होल ५८ फटक्यांत) खेळला. गिरकी कशीही असो, बॉलपाशी त्याचा क्लब सरळ येतो. आणि ताकदीचं म्हणाल तर आपली अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकला चौथी आली, लांब मारणाऱ्यांत ती कधीच नव्हती.

सरांबद्दल. बदलण्याआधी एकदा स्पष्ट बोला. "सर, उरलेल्या तीन धड्यांत मला फक्त एक गोष्ट दुरुस्त करायचीय, कोणती ते तुम्ही ठरवा, आणि तीच तिन्ही दिवस बघा." चांगला शिक्षक खूश होतो. नाही झाला, तर उत्तर मिळालंच. मोबाइल मात्र मागे बॉलच्या रेषेत उभा करून स्वतःचं शूटिंग करा. आपण काय करतो असं वाटतं आणि प्रत्यक्षात काय करतो, याचा काही संबंध नसतो. आणि इतरांचे व्हिडिओ बंद. महिनाभर पूर्ण बंद.

बाबा झोपाळ्यावर बसतात ना? त्या झोपाळ्याकडेच बघत बसा थोडा वेळ. मागे टोकाला गेला की क्षणभर थांबतो आणि मग आपला आपण खाली येतो. त्या टोकाला कोणी धक्का देत नाही. तुम्ही देता. वर जायला तीन मात्रा आणि खाली यायला एक, चांगल्या खेळाडूंचा ताल साधारण असाच असतो.

छावणीतला: +१. गच्चीवरचा गृहपाठ: जुनी सतरंजी, तिच्यावर रांगोळीची एक सरळ रेघ. रेघ म्हणजे बॉल. पाय जवळजवळ जोडून उभे राहा आणि घड्याळाच्या ९ पासून ३ पर्यंत, एवढाच अर्धा झोका. क्लब सतरंजीला कुठे पुसतो ते रांगोळी दाखवेल. डाव्या काखेत रुमाल धरा, पडू द्यायचा नाही. पाय जोडलेले असले की जोर लावताच तोल जातो, त्यामुळे जोर आपोआप सुटतो. ड्रायव्हरला (सगळ्यात लांब क्लबला) हात लावू नका. पण आधी कोपर.

---

दांडियाबाजारकर (धागाकर्ता): साडेतीन आठवड्यांनी लिहितोय.

कोपर दाखवलं. निदान शेवंतीताईंनी लिहिलं तेच निघालं. दोन आठवडे क्लब कपाटात. कळ आता जवळपास गेली आहे.

मग दिवाळीतली उरलेली रांगोळी बायकोकडून मागून घेतली. "पन्नाशीच्या आत वेड लागणारे तुम्ही घराण्यातले पहिलेच," एवढं बोलून तिने डबा दिला. पहिल्या संध्याकाळी सगळे पुसल्याचे डाग रेघेच्या उजवीकडे, चार-चार बोटं मागे. एकही रेघेवर नाही. इतके दिवस मला वाटत होतं की कधी कधी चुकतंय. रांगोळीने सांगितलं की रोज एकच चूक, तीही एकाच जागी.

चौथ्या दिवशी बाबा झोपाळ्यावरून उठून आले. तरुणपणी ते जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचे, त्यांची मुद्गलांची जोडी अजून माळ्यावर आहे. माझी मूठ बघून म्हणाले, "मुद्गल आवळून धरला की खांद्यावर आदळतो. सैल धरला की पाठीमागून आपला आपण फिरतो. तू एवढा का आवळतोस? कोणी हिसकावून नेतंय का?" मग माझ्या हातून आयर्न घेतली आणि ७६ व्या वर्षी, धोतर सावरत, असा काही संथ झोका दिला की रांगोळी रेघेच्या पुढे तीन बोटं पुसली गेली. गोल्फ त्यांनी टीव्हीवरही पाहिलेलं नाही. मी बराच वेळ काही बोललो नाही.

सरांशी बोललो. आधी तोंड जरा वाकडं केलं, पण आठव्या धड्याला त्यांनी फक्त डाव्या पायावर वजन आणणं घेतलं, आणि फोन चक्क खिशात राहिला. नवव्यालाही तेच. त्यामुळे बदलण्याचा विचार तूर्त बाजूला.

कालची बादली, सगळे अर्ध्या झोक्याने आणि छोट्या टीवरून: मॅटला धाड ३, सरपटलेले ५, केळी ६, हवा ०. बरे २३. तो 'टक्' किती वेळा आला ते मोजायचं विसरलो, त्याअर्थी एकापेक्षा जास्त असावा.

हिशोब लावणारे म्हणतील ३७ च झाले. उरलेले १३ ही नवीन तक्रार आहे. हे बॉल आता डावीकडे वळायला लागलेत, आणि चांगलेच वळतात. काल मी चार गाठी दिसतील इतका हात फिरवून धरला होता, त्याचं तर हे नाही ना? छावणीतले साहेब, आहात का?