मदत हवी आहे - वाशिष्ठीतल्या अवजलाच्या चढउताराचा पाणकिड्यांवर परिणाम कसा तपासू?

नमस्कार मंडळी, मी चिपळूणची, एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी वाशिष्ठीतले किडे बघतेय. कोयनेचं पाणी वीज तयार करून झाली की अवजल म्हणून आमच्या नदीत येतं, त्यामुळे भर उन्हाळ्यातही ती वाहती असते, पण वीजनिर्मिती कमीजास्त होईल तशी पातळी एकाच दिवसात वरखाली होते.

बाजूच्या पऱ्यात (छोट्या ओढ्यात) दगड उलटला की चपटी मेफ्लायची पिल्लं, जाळं विणणाऱ्या कॅडिसफ्लायच्या अळ्या, दुसऱ्या कॅडिसफ्लायच्या अळ्यांनी बांधलेली खड्यांची घरं, सगळं मिळतं (दोन्ही उडते किडे, पण लहानपणी पाण्यात राहणारे). नदीत मधल्या धारेत ब्लॅकफ्लायच्या अळ्या भरपूर, त्यांना गाळून खायला धार लागतेच, पण काठाच्या दगडांवर जवळजवळ काहीच नाही. मला वाटतं अंडीच सुकत असणार, कारण काही मेफ्लाय काठाला किंवा पाण्याबाहेर डोकं काढलेल्या दगडांच्या खालच्या अंगाला अंडी घालतात, पाणी उतरलं की ती उघडी पडतात. अमेरिकेत कोलोराडो नदीवर ग्लेन कॅन्यन धरणाखाली याच कारणासाठी २०१८ ला मे ते ऑगस्ट शनिवार-रविवार पाणी कमी आणि एकसारखं ठेवून बघितलं होतं. पण सर म्हणतात गाळ किंवा तापमानामुळेही असू शकेल, आणि ते बरोबरच आहे, मग हे वेगळं काढायचं कसं? पाण्याचा वेग मोजायचा फ्लो मीटर नाहीये आमच्याकडे. प्लीज सांगा कोणीतरी, हे किडे गेले तर माशांनी खायचं काय.

प्रतिसाद १
ताई, पऱ्याशी तुलना केलीत तर तापमान, गाळ सगळंच बदलतं. त्यापेक्षा नदीतच एका जागी सारख्या विटा ठेवा, काही कायम पाण्याखाली राहतील अशा आणि काही पाणी उतरल्यावर उघड्या पडतील अशा. पाणी तेच, गाळ तोच, फरक मुख्यतः सुकण्याचा. वेगासाठी संत्र्याची साल १० मीटर सोडून वेळ लावा, आलेला वेग वरच्या थराचा असतो, त्याला ०.८५ ने गुणलं की सरासरी वेग साधारण येतो.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत. शिवाय पाणी चढायच्या आधी आणि चढताना बारीक जाळी धारेत धरा, अचानक धार वाढली की किडे सुटून वाहतात ते त्यात सापडतील. रात्री ते एरवीही जास्त वाहतात, म्हणून दोन्ही वेळा दिवसाच्याच घ्या. आणि एकटीने उतरू नका हो, काठावर पातळीकडे लक्ष ठेवणारं कोणीतरी हवंच.