‘नॉर्थ-नॉर्थ-ईस्ट’ आणि ‘नॉर्थ-ईस्ट बाय नॉर्थ’: मराठीत वेगळे कसे दाखवायचे?

दर्यावाचक:
शिडाच्या एका जुन्या जहाजाच्या लॉगबुकाचं भाषांतर करतोय. ‘नॉर्थ-नॉर्थ-ईस्ट’ला ‘उत्तर-ईशान्य’ लिहिलं. पुढच्याच पानावर ‘नॉर्थ-ईस्ट बाय नॉर्थ’ आलं. त्याचं ‘ईशान्य-उत्तर’ केलं तर वाचणाऱ्याला दोन्ही एकच वाटतील. हा ‘बाय’ नेमका काय सांगतो? मधेच ‘नॉर्थ-ईस्ट हाफ ईस्ट’ असंही दिसतं. सगळं सरळ अंशांत लिहावं का?

सुकाणू:
दोन्हींत एका पॉइंटाचा फरक आहे. जुन्या होकायंत्राच्या तबकडीवर 32 पॉइंट असत, म्हणजे एक पॉइंट सव्वाअकरा अंशांचा. उत्तरेपासून ईशान्येपर्यंत मोजत गेलात तर सव्वाअकरा, साडेबावीस, पावणेचौतीस, पंचेचाळीस. आपल्या सव्वा-साडे-पावणेत ही तबकडी अगदी चपखल बसते.

‘नॉर्थ-नॉर्थ-ईस्ट’ ही उत्तर आणि ईशान्य यांच्या बरोबर मधली दिशा, 22½ अंश. ‘बाय’ म्हणजे आधी लिहिलेल्या दिशेपासून नंतरच्या दिशेकडे फक्त एक पॉइंट. म्हणून ‘नॉर्थ-ईस्ट बाय नॉर्थ’ म्हणजे 45 वजा 11¼, 33¾ अंश. मराठीत ‘ईशान्येहून एक पॉइंट उत्तरेला’ लिहा, घोटाळा होणार नाही. ‘हाफ ईस्ट’ म्हणजे तसाच अर्धा पॉइंट पूर्वेकडे, साधारण 50.6 अंश.

‘बाय’ फक्त आठ मुख्य दिशांनाच लागतो. ‘नॉर्थ-नॉर्थ-ईस्ट बाय ईस्ट’ अशी दिशाच नाही. तसं वाचलं गेलं तर अक्षर चुकीचं लागलंय असं समजा. मात्र अर्ध्या पॉइंटाची एकच दिशा दोन तऱ्हांनी लिहिलेली सापडू शकते: ‘नॉर्थ-नॉर्थ-ईस्ट हाफ ईस्ट’ आणि ‘नॉर्थ-ईस्ट बाय नॉर्थ हाफ नॉर्थ’ दोन्ही 28⅛ अंशच.

मजकुरात अंश घालू नयेत असं माझं ठाम मत आहे. सुकाणूवरचा माणूस फार तर पाव पॉइंटापर्यंत, म्हणजे जेमतेम तीन अंशांच्या बारकाईने जहाज धरायचा. ‘33.75°’ लिहिलंत तर त्याच्या हाती नसलेला काटेकोरपणा त्याच्या नावावर जमा होतो. अंशांचा तक्ता शेवटी जोडा.

उत्तररेषा:
भाषांतराआधी प्रत्येक नोंद वाऱ्याशी ताडून पाहा. आडव्या शिडांचं जहाज वाऱ्याच्या दिशेला सहा पॉइंटांपेक्षा, म्हणजे 67½ अंशांपेक्षा जवळ सहसा जाऊ शकत नाही. वारा ‘नॉर्थ-नॉर्थ-वेस्ट’ आणि मार्ग ‘नॉर्थ-ईस्ट बाय नॉर्थ’ वाचलात तर कोन पाचच पॉइंटांचा होतो. मूळ नोंद बहुधा ‘बाय ईस्ट’ असणार. मग सात पॉइंट होतात आणि जुळतं. हाताच्या लिखाणात एन, ई आणि डब्ल्यू यांची गफलत सर्रास होते.

दुसरं, वारा जिथून येतो त्या दिशेच्या नावाने लिहितात, आपल्या नैऋत्य मोसमी वाऱ्यांसारखा. समुद्रप्रवाह मात्र जिकडे जातो त्या दिशेने. एकाच ओळीत दोन्ही असतात, म्हणून ‘नैऋत्येकडून वारा’, ‘नैऋत्येकडे प्रवाह’ असं पूर्ण लिहा.

तिसरं, मार्ग होकायंत्रावरचा आहे की खऱ्या उत्तरेपासूनचा, ते बघा. या दोन उत्तरांमधला कोन म्हणजे चुंबकीय फरक. मुंबईजवळ सध्या तो एका अंशाच्या आतला आहे, पण केप ऑफ गुड होपजवळ तो पश्चिमेकडे दोन पॉइंटांहून जास्त. तो वजा केला नाही तर नकाशावरची रेघ भलतीकडे जाते. एका पॉइंटाची चूक 60 सागरी मैलांत जवळपास 12 मैल बाजूला नेते.

ध्रुवमत्स्य:
अरबी समुद्रातल्या जुन्या वाटाड्यांच्या नोंदी हाती आल्या तर नावं निराळी असतील. इब्न माजिद या अरब वाटाड्याच्या काळात, पंधराव्या शतकात, अरब नाविकांच्या चक्रातही 32 भागच होते, पण नावं ताऱ्यांच्या उगवण्या-मावळण्यावरून: उत्तरेला ‘जाह’ म्हणजे ध्रुव, ईशान्येला ‘अय्यूक’ म्हणजे ब्रह्महृदय, पूर्वेला ‘ताइर’ म्हणजे श्रवण. उगवतीची बाजू ‘मतला’, मावळतीची ‘मगीब’. तारा प्रत्यक्षात नेमका त्याच अंशावर उगवतो असं धरू नका. कृत्तिकांचं नाव पूर्वेहून एक पॉइंट उत्तरेला आहे, उगवतात मात्र त्या जवळजवळ दोन पॉइंट उत्तरेला.

दर्यावाचक:
मनापासून धन्यवाद. आणखी एक: ‘टू पॉइंट्स अबाफ्ट द बीम’?

सुकाणू:
इथे उत्तरेचा संबंध नाही, मोजणी जहाजापासून होते. ‘बीम’ म्हणजे जहाजाच्या थेट आडवी बाजू, समोरून आठ पॉइंट. तिच्या मागे आणखी दोन, म्हणजे समोरून दहा पॉइंट, 112½ अंश. ‘आडव्या रेषेच्या दोन पॉइंट मागे’ लिहा, आणि उजवीकडे की डावीकडे ते सोडू नका. 1972 च्या टक्कर-प्रतिबंधक नियमांत आकडे अंशांत आहेत, पण माप हेच आहे: बाजूचा प्रत्येक दिवा 112½ अंश, म्हणजे दहा पॉइंट, मागचा दिवा 135 अंश, म्हणजे बारा. दहा, दहा आणि बारा मिळून 32.